१९७२ ची २७ फुटी एअरस्ट्रीम: घ्यावी, की नुसती बघून यावी?

भटकी_जोडी

नमस्कार मंडळी. ओहायोतल्या कोलंबसपासून दोन तासांवर एक एअरस्ट्रीम ओव्हरलँडर (गाडीमागे ओढायचा, राहायची सोय असलेला ॲल्युमिनियमचा ट्रेलर) विकायला आहे. १९७२ चं मॉडेल, २७ फूट, दोन ॲक्सल, बाथरूम मागच्या टोकाला. बाहेरून आरशासारखी लखलखीत. आत नवीन व्हायनिल प्लँकची फरशी आणि पांढरा रंग. मालक म्हणतो, "फ्लोअर एकदम सॉलिड, थोडं कॉस्मेटिक काम बाकी." मागणी १४,००० डॉलर.

ओढायला व्ही-६ एसयूव्ही आहे. टो रेटिंग (ओढायची क्षमता) ७,००० पौंड, ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरवर पेलोड (गाडीवर टाकता येणारं एकूण वजन) १,४२० पौंड. माणसं चार, त्यातली दोन शाळकरी. वापर मे ते ऑक्टोबर, महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून एक लांबचा दौरा. हाताने काम करायची तयारी आहे, वेल्डिंग येत नाही.

पन्नास वर्षं जुन्या ट्रेलरचे खरे फायदे काय, की सगळं रूपावरच आहे? बघायला जाताना काय काय तपासायचं? आणि १४,००० मोजल्यावर पुढे अजून किती जाणार?

दहाचा_पाना

पॉलिश आणि नवी फरशी एकदम दिसली की आधी जमिनीवर आडवं होऊन खालून बघायचं. या ट्रेलरचा ॲल्युमिनियमचा पत्रा सहसा मरत नाही. मरतं ते त्याच्या खालचं, आणि तेच नव्या फरशीखाली झाकलेलं असतं.

रचना आधी समजून घ्या. सगळ्यात खाली लोखंडी चासी, म्हणजे सांगाडा. तिच्यावर ५/८ इंची प्लायवुड. प्लायवुडच्या कडेवर सी आकाराची ॲल्युमिनियमची पट्टी, आणि त्या पट्टीला वरचं कवच रिव्हेट केलेलं. म्हणजे कवच आणि चासी यांच्यामध्ये प्लायवुडची कड सँडविचसारखी दाबलेली असते. ती कुजली की बोल्ट जागच्या जागी राहतात, पण त्यांना धरायला लाकूडच उरत नाही. मग कवच एकीकडे हलतं आणि चासी दुसरीकडे.

हे सगळ्यात आधी मागच्या टोकाला होतं. सत्तरच्या दशकातल्या लांब, मागे बाथरूम असलेल्या मॉडेलांचा हा ठरलेला आजार. मागच्या बंपरमधल्या खणाच्या झाकणापाशी पाणी साचतं आणि थेट प्लायवुडच्या कडेत शिरतं. आतून बाथरूमची गळती त्यात भर घालते.

तपासणी अशी. एकाने मागच्या बंपरवर उभं राहून हळूहळू झोके घ्यायचे, दुसऱ्याने कवचाची खालची कड आणि बंपर यांच्यामधल्या फटीवर नजर ठेवायची. दोन्ही एकत्र वर-खाली झाले तर ठीक. बंपर खाली जातो आणि कवच जागीच राहतं, फट उघडते-मिटते, तर मागचा सांधा सुटलेला आहे. मग "सॉलिड फ्लोअर" या शब्दांना अर्थ नाही.

नंतर टोच्या घेऊन आत जा. भिंतीच्या कडेकडेने दर सहा इंचांवर टोचायचं, खास करून दाराशी, पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत, चाकांच्या कमानींजवळ आणि कमोडच्या मागे. तरंगती (न चिकटवता नुसती अंथरलेली) फरशी असेल तर कपाटांच्या आत बघा, तिथे ती सहसा घातलेली नसते. मालक टोचू देत नसेल तर पिनवाला ओलावामापक लावा. लाकडात २० टक्क्यांच्या वर आकडा आला तर पाणी अजूनही कुठून तरी येतंय.

आता ॲक्सल. या ट्रेलरला पाट्याच्या स्प्रिंगा नसतात. लोखंडी नळीत एक दांडा आणि त्याच्याभोवती रबराचे रूळ, चाकाचा झटका ते रबर पिळून घेतं. रबर वयाने कडक होतं, आणि ट्रेलर वर्षानुवर्षं उभा असेल तर दबलेल्या आकारातच घट्ट होतं. चाकामागे वाकून चाकाचा हात कोणत्या कोनात आहे ते बघा. हबच्या बाजूने तो खाली झुकलेला हवा. आडवा झाला असेल तर आयुष्य संपत आलंय, वर गेला असेल तर संपलंय. अशा ॲक्सलवर ट्रेलर चालतो, पण खड्ड्याचा प्रत्येक दणका कवचाला बसतो: रिव्हेट सुटतात, कपाटांची दारं उघडतात, सांधे गळायला लागतात. बरेच लोक वर्षानुवर्षं गळती बुजवत बसतात आणि मूळ दोष ॲक्सलमध्ये असतो. २७ फुटीला दोन्ही एकदम बदलावे लागतात. ते बोल्टवर बसतात, वेल्डिंग लागत नाही. ऑर्डर देताना हबच्या तोंडापासून तोंडापर्यंतचं माप, ब्रॅकेटमधलं अंतर, हाताचा सुरुवातीचा कोन (इथे साधारण २२.५ अंश) आणि वजनक्षमता द्यावी लागते. नवीन ॲक्सलसोबत ड्रम आणि इलेक्ट्रिक ब्रेक नवे येतात, त्यामुळे तो पैसा वाया जात नाही. जॅक मात्र ॲक्सलच्या नळीखाली कधीही लावू नका, चासीच्या पट्टीखाली लावायचा.

टायर: नक्षी बघू नका, बाजूवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या पुढचा टायर नवा दिसला तरी हायवेवर नेऊ नये.

शेवटी बुडाचा पत्रा. तो अर्धवट लोंबत असेल किंवा ताज्या रिव्हेटांनी भरला असेल तर आत काहीतरी झाकलंय. टॉर्च आणि लहान बोअरस्कोप (वायरच्या टोकावरचा कॅमेरा) न्या, विजेच्या वायरींच्या भोकातून आत डोकावता येतं. चासीचे बाजूला निघालेले हात पापुद्रे सुटल्यासारखे दिसले तर वेल्डर शोधावा लागेल.

किनारा_धरून

वरचं सगळं मान्य, पण नुसती घाबरवण्याची यादी नको. फायदेही खरे आहेत.

एक, हे ट्रेलर त्यांच्या लांबीच्या मानाने हलके आणि आकाराने निमुळते. बाजूच्या वाऱ्यात चौकोनी डब्यापेक्षा कमी डोलतात. दोन, जुन्या राज्य उद्यानांतल्या जागा लहान गाड्यांच्या काळातल्या. २७ फूट अजून बऱ्याच ठिकाणी बसतो, ३५ फुटी नवे डबे बसत नाहीत. तीन, नवा ट्रेलर शोरूममधून निघतानाच किंमत गमावतो, यांची घसरण कधीच होऊन गेली. पण एक गैरसमज नको: दुरुस्तीत घातलेला पैसा विकताना पूर्ण परत मिळत नाही. परत मिळतो तो बहुतेक कवचाचा आणि नावाचा भाव.

चौथा फायदा कमी लोकांच्या लक्षात येतो. वॉली बायमने १९३१ मध्ये हा व्यवसाय सुरू केला, आणि १९५२ पासून कारखाना ओहायोतल्या जॅक्सन सेंटरलाच आहे, म्हणजे तुमच्या अंगणात. १९६९ ला आकार बदलला, आणि त्या वर्षापासूनच्या बऱ्याच खिडक्यांचे गॅस्केट, कुलपं, दिवे, कडांच्या पट्ट्या आजही नव्या मिळतात. पन्नास वर्षं जुन्या वस्तूसाठी ही चैनच म्हणायची.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष नको. टायटल (मालकीचा सरकारी कागद) विकणाऱ्याच्याच नावावर आहे का आणि त्यावरचा क्रमांक ट्रेलरवरच्या पाटीशी जुळतो का, हे पैसे देण्याआधी बघा. नुसत्या बिल ऑफ सेलवर (विक्रीच्या पावतीवर) मोटर वाहन कार्यालय अडवू शकतं, आणि नियम राज्यागणिक वेगळे. ट्रेलर दुसऱ्या राज्यातून आलेला असेल तर आधी फोन करा.

विमा "ठरलेल्या किमतीवर" घ्या. नेहमीच्या पॉलिसीत झीज वजा होते, मग १९७२ च्या वस्तूला कंपनी फुटकळ रक्कम देऊन मोकळी होते. ठरलेल्या किमतीसाठी फोटो आणि दुरुस्तीची बिलं लागतात, तेव्हा पहिल्या दिवसापासून पावत्या एका फाइलमध्ये.

खासगी आरव्ही पार्कांपैकी (ट्रेलर लावायच्या तळांपैकी) काही दहा वर्षांपेक्षा जुनं वाहन घेत नाहीत. फोटो पाठवला की बहुतेक ठिकाणी वाट मोकळी होते, पण हे बुकिंग करतानाच विचारावं, रात्री नऊला गेटवर नव्हे.

आता वजन, कारण मला खरी अडचण इथे दिसते. भरलेला ट्रेलर ५,५०० पौंड धरू. जिभेवरचं, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या जोडदांड्यातून गाडीवर येणारं वजन त्याच्या १० ते १५ टक्के हवं. साडेबारा टक्के म्हणजे साधारण ६९०. हे वजन गाडीच्या चाकांवर वाटणारा हिच (जोडणी) ९० पौंड. चार माणसं ५२०. डिकीतलं सामान १२०. बेरीज १,४२०. स्टिकरवरचा आकडा नेमका तितकाच! एक सायकल टांगली की हद्द ओलांडली. ७,००० च्या टो रेटिंगकडे पाहून लोक खूश होतात, पण आधी संपतो तो पेलोड. गाडीच्या हिच रिसीव्हरवरही जिभेच्या वजनाची वेगळी मर्यादा छापलेली असते, तीही वाचा. ट्रेलर एकदा ट्रक स्टॉपवरच्या कॅट वजनकाट्यावर नेऊन मोजल्याशिवाय कुठल्याही कागदी आकड्यावर भरवसा नको. आधीच्या मालकाने काय काय भर घातली, ते ब्रोशरला माहीत नसतं.

गाडी बदलणार नसाल तर १९६९ नंतरच्या २३ फुटी सफारीच्या (एअरस्ट्रीमच्याच लहान मॉडेलच्या) मागे लागा.

अण्णा_वायरमन

वीज आणि गॅस यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. यात चूक झाली तर नुसता खर्च वाढत नाही, जीवावर बेततं.

पूर्ण ट्रेलर ॲल्युमिनियमचा, म्हणजे अर्थिंग बिघडलं की पूर्ण पत्र्यात करंट येऊ शकतो. शोअर पॉवर (कॅम्पग्राउंडच्या खांबावरची वीज) लावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बाहेरच्या कोऱ्या पत्र्याला, दुसरं ओल्या जमिनीत ठोकलेल्या सळईला. शून्याच्या आसपास हवं. पाच-दहा व्होल्ट दिसले तरी प्लग काढा. नेहमी आढळणारी एक चूक: कोणीतरी नवा पॅनेल बसवताना न्यूट्रल आणि अर्थ एकाच पट्टीवर बांधलेले असतात. घराच्या मुख्य पॅनेलमध्ये ते बरोबर, ट्रेलरमध्ये चूक. ट्रेलरमध्ये न्यूट्रलची पट्टी वेगळी, पॅनेलच्या पेटीपासून अलग हवी.

सत्तरच्या दशकातल्या काही ट्रेलरांत १२० व्होल्टच्या वायरी ॲल्युमिनियमच्या आहेत. एक सॉकेट उघडून बघा. पांढुरकी तार दिसली तर प्रत्येक जोड तांब्या-ॲल्युमिनियम दोन्हीला चालणाऱ्या कनेक्टरने पुन्हा करावा लागेल, किंवा वायरिंगच बदलायचं.

मूळ युनिव्होल्ट कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारा डबा) गुणगुणत असेल तर त्याचं कौतुक करू नका. तो बॅटरी भरली तरी चार्ज थांबवत नाही, पाणी उकळून टाकतो. तीन टप्प्यांत चार्ज करणारा नवा बसवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि सगळ्या खर्चात हाच पैसा लगेच वसूल होतो.

ट्रेलरचं वीज कनेक्शन ३० अँपियरचं, म्हणजे ३,६०० वॅट. छतावरचा १३,५०० बीटीयूचा एसी सुमारे १३ अँपियर खातो. १,८०० वॅटची इंडक्शन शेगडी १५. दोघं मिळून २८. कन्व्हर्टर चालू झाला की ब्रेकर खाली. त्यामुळे भात-आमटी करताना एसी बंद, किंवा गॅसवर.

गॅसचं: सिलिंडरवर त्रिकोणी मूठ असलेला, जास्त भरू न देणारा व्हॉल्व्ह हवा, जुना गोल मूठवाला कोणी भरून देत नाही. सिलिंडरच्या कॉलरवर बनल्याची तारीख ठोकलेली असते, त्यानुसार मुदतीत फेरतपासणी लागते. रेग्युलेटर दोन टप्प्यांचा, बाहेरचा दाब ११ इंच पाणी. गळती तपासायला मॅनोमीटर (दाबमापक) लावून ८ इंचांवर दाब धरायचा, तीन मिनिटांत काटा हलता कामा नये. साबणाचा फेस फक्त जागा शोधायला, पास-नापास ठरवायला नाही.

मूळ फर्नेस (आतली हवा तापवणारी गॅसची भट्टी) चालते म्हणून वापरू नका. आतल्या उष्णतेच्या डब्याला तडा गेला असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट खोलीत येतो आणि डोळ्याला काही दिसत नाही. ती काढा. कार्बन मोनॉक्साइड, गॅस आणि धूर, तिन्हींचे अलार्म नवे लावा आणि मागची मुदत वाचा, तेही कालबाह्य होतात.

टेल लाइटच्या सात पिनांच्या प्लगमध्ये रंगांवर विसंबू नका. त्या काळच्या रंगांची पद्धत आजच्या गाडीशी जुळत नाही. प्रत्येक तार बॅटरी लावून तपासा, विशेषतः ब्रेकची.

अंडेवाला

+१ वजनाच्या मुद्द्याला. दोघांसाठी कोणी विचारलं असतं तर मी एअरस्ट्रीमचं नावच घेतलं नसतं. फायबरग्लासचे अंड्याच्या आकाराचे ट्रेलर बघा: विनिपेगचा बोलर १९६८ पासूनचा, मिनेसोटातल्या बॅकसचा स्कँप १९७१ पासूनचा. वरचा आणि खालचा असे दोनच तुकडे, मध्ये एक सांधा. पाणी शिरायला खिडक्या, छताची जाळी आणि रिव्हेट एवढ्याच जागा. १३ फुटीत मुख्य तपासणी चासीची: जिभेचं लोखंड कवचाखाली शिरतं तिथे आणि दारापाशी तडा शोधायचा.

पण चौघांना १३ फूट म्हणजे मुंबईची लोकल. मुलं वाढतायत.

आणि १९५०-६० च्या दशकांतल्या "कॅन्ड हॅम" (मांसाच्या गोलसर डब्याच्या) आकाराच्या लाकडी सांगाड्याच्या शास्ता वगैरेंपासून, सुतारकामाची हौस नसेल तर, चार हात लांब. बाहेरून पत्रा नीट दिसतो आणि आतले एक-बाय-दोनचे तुकडे हाताने चुरडतात.

भटकी_जोडी

सगळ्यांचे आभार. काल टोच्या, मीटर आणि एक मित्र घेऊन जाऊन आलो. बंपरवर उभं राहिल्यावर फट साधारण पाव इंच उघडते. मागच्या कडेला जवळजवळ पूर्ण रुंदीत टोच्या मुठीपर्यंत जातो, पुढच्या कोपऱ्यात नाही. ॲक्सलचे हात आडवे. वायरी तांब्याच्या. ग्रे टँक (सिंक आणि अंघोळीच्या सांडपाण्याची टाकी) नाही. कपाटामागे उंदरांच्या लेंड्या. मालक आता १४,००० वरून ८,५०० वर आलाय. मागचा एवढाच भाग बदलून भागेल का, की पूर्ण कवच उचलावं लागेल?

दहाचा_पाना

पुढचा कोपरा आणि दार कोरडं असेल तर कवच उचलायची गरज नाही. फक्त मागचे चार फूट.

आधी उंदीर. लेंड्या झाडू नका, व्हॅक्यूम तर मुळीच नको, धुळीतून हांटाव्हायरसचा धोका असतो. हातमोजे आणि मास्क. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, सगळं भिजवून पाच मिनिटं थांबा, मग कागदाने उचला. भिंतीतली फायबरग्लास लोकर मूत्राने भिजली असेल तर ती पूर्ण फेकायची, कारण ते ॲल्युमिनियमही खातं. जुनी फरशी किंवा जुना रंग खरवडण्याआधी एक तुकडा प्रयोगशाळेत द्या. १९७८ च्या आधीच्या रंगात शिसं आणि त्या काळच्या व्हायनिलमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

मग पाणी येण्याची जागा बंद करायची. उलटं केलं तर दोन वर्षांत नवं प्लायवुडही जाईल. एकाने पाण्याचा पाइप खालून वर, एकेक सांधा पाच मिनिटं, दुसरा आत टॉर्च घेऊन. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. मागचे दिवे, मागची खिडकी, बंपरच्या खणाची कड, हे नेहमीचे. सांध्यांना पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉन कुठेही नको: त्याच्यावर पुन्हा काहीच चिकटत नाही आणि काढताना जीव जातो.

लाकडाचं काम. बाथरूमचं सामान काढा. आतल्या पत्र्याची खालची रांग १/८ इंची ड्रिलने रिव्हेट उडवून सोडवा. बुडाचा पत्रा मागून मोकळा करा. कवचाच्या मागच्या फ्रेमला आतून लाकडी टेकू देऊन जॅकने जेमतेम भार घ्या, उचलू नका. सी-पट्टीतून जाणारे जुने बोल्ट ग्राइंडरने कापा. जुनं प्लायवुड चासीच्या आडव्या पट्टीच्या बरोबर मध्यावर कापा, म्हणजे नव्या-जुन्याचा सांधा लोखंडावर बसेल.

उघडलेली चासी तारेच्या ब्रशने घासून गंजरोधक लेप द्या. पातळ होऊन भोक पडलेल्या पट्टीला लेप लावून उपयोग नाही, तेवढ्यापुरता फिरता वेल्डर बोलवा.

नवं ५/८ इंची बाहेरच्या वापराच्या गोंदाचं प्लायवुड. ४ बाय ८ चा एक ताव आडवा टाकला की मागचे चार फूट पूर्ण रुंदीत होतात. कोपऱ्यांच्या गोलाईसाठी आधी पुठ्ठ्याचा नमुना, आणि चूक धरून दुसरा ताव आणून ठेवा. कडा आणि खालची बाजू इपॉक्सीने दोन हात. प्रेशर ट्रीटेड लाकूड चुकूनही नको, त्यातलं तांबं ॲल्युमिनियम कुरतडतं. त्याच कारणाने लोखंड आणि ॲल्युमिनियम जिथे भिडतात तिथे मध्ये टेप किंवा सीलंटचा थर. पाव इंची सपाट डोक्याचे बोल्ट प्लायवुडमधून चासीत, आणि मागची दाबपट्टी परत घट्ट. बंपरची चाचणी पुन्हा करा, फट हलता कामा नये. दोन माणसांना चार-पाच शनिवार-रविवार धरा.

बुड उघडं आहे तोवरच ग्रे टँक बसवा. चासीच्या पट्ट्यांच्या मध्ये मावणारी चपटी टाकी मिळते. त्याशिवाय बहुतेक कॅम्पग्राउंडवर भांडी घासलेलं पाणी सोडू देणार नाहीत, आणि दर वेळी चाकं लावलेली सुटी सांडपाण्याची टाकी ओढत नेणं चौघांच्या कुटुंबाला झेपत नाही.

पैशाचं: ॲक्सल, टायर, प्लायवुड, कन्व्हर्टर, अलार्म, टाकी, हे सगळं स्वतः केलं तरी पाच हजारांच्या खाली आटोपेल असं वाटत नाही. फ्रिज आणि फर्नेस वेगळे. दुकानात दिलं तर मजुरीच त्याच्या वर जाईल. त्या हिशेबाने ८,५०० अजूनही जास्त आहे. पाव इंच फटीचा आणि आडव्या हातांचा व्हिडिओ दाखवून ६,००० म्हणा.

किनारा_धरून

६,००० ला मान्य. पण पेलोडची बेरीज प्लायवुड बदलल्याने बदलत नाही, उलट ग्रे टँक भरली की वजन वाढेल. गाडीचा निर्णय आधी घ्या.

अण्णा_वायरमन

आणि घेतलीच तर ती तशीच हायवेने आणू नका. मागचा सांधा सुटलेला आणि ॲक्सल मेलेले असताना तासाभराच्या प्रवासातही कवच अजून फाटतं. फ्लॅटबेडचं (ट्रेलर वर चढवून नेणाऱ्या सपाट ट्रकचं) भाडं द्या. ते जमलं नाही तर मागच्या अर्ध्या भागातलं सगळं सामान काढून टाका, टायर आधी बदला, बेअरिंगला ग्रीस, ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर गाडीपासून सुटला तर ब्रेक लावणाऱ्या) पिन ओढून चाकं अडतात का बघा. कपलरवर (ट्रेलरच्या जिभेच्या टोकाच्या वाटीवर) ती ज्यावर बसते त्या गाडीकडच्या बॉलचं माप ठोकलेलं असतं, २ इंच की २ ५/१६ ते वाचूनच बॉल न्या. लहान बॉलवर मोठा कपलर बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या उंचवट्यावर निघतो. चाकांचे लग नट टॉर्क पान्याने आवळा, मग १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून पुन्हा. लहान रस्ते, ताशी ४५.